मिस्ड कॉल दे ना!

भारताने जगाला काय दिलं? शून्य, योगासनं आणि मिस्ड कॉल. पहिल्या दोघांचा उल्लेख प्रत्येक भाषणात होतो. तिसऱ्याचं कौतुक मात्र कुणी करत नाही. म्हणून म्हटलं, आज आपणच करू.

थोडा इतिहास. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी तेव्हाच्या कलकत्त्यातून दिल्लीत सुखराम यांना फोन लावला आणि आपल्याकडे मोबाइल सुरू झाला. त्या काळात मिनिटाचा भाव दोन आकड्यांत जायचा, आणि वर इन्कमिंगलाही पैसे! म्हणजे बोलणाऱ्याचा खिसा रिकामा आणि ऐकणाऱ्याचाही. अशा वेळी मध्यमवर्गीय डोकं कामाला लागलं नसतं तरच नवल. फोन वाजला पण उचलला नाही, तर बिल कुणालाच नाही. अरे वा! मग उचलायचा कशाला?

आमच्या पुण्यातल्या कॉलेजच्या ग्रुपचा तर पक्का कोड होता. एक रिंग म्हणजे ‘पोचले’. दोन म्हणजे ‘खाली ये’. तीन म्हणजे ‘आज जमणार नाही, बाबा घरी आहेत’. चुकून कुणी फोन उचललाच, तर पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं: ‘उचललास कशाला रे गाढवा?’ २००३ मध्ये इन्कमिंग फुकट झालं आणि मिस्ड कॉलला नवा अर्थ आला: बॅलन्स संपलाय, तू कर. मग मिस्ड कॉल कुणी द्यायचा आणि उलट फोन कुणी करायचा, यावरून कोण कुणाचं किती लागतं हेही कळायला लागलं. भावाने बहिणीला, ज्युनियरने सीनियरला आणि ‘फक्त मित्र आहे हं’ म्हणणाऱ्यांनी एकमेकांना!

यातली खरी गंमत लक्षात आली का? रिंग दोघांची आणि अर्थही दोघांनी मिळून ठरवलेला. मोबाइल कंपनीला फक्त एक न उचललेला कॉल दिसायचा. तो ‘खाली ये’ आहे की ‘घरी जा’, हे तिला कळायचं नाही. एक पैसा न देता आपण आपली खासगी भाषा चालवत होतो.

मग ही भाषा मार्केटिंगवाल्यांच्या कानावर गेली.

बंगळुरूच्या झिपडायल नावाच्या कंपनीने मिस्ड कॉलवरच धंदा उभा केला. जाहिरातीतल्या नंबरला मिस्ड कॉल द्या, ऑफर तुमच्या मोबाइलवर. जानेवारी २०१५ मध्ये ही कंपनी थेट ट्विटरने विकत घेतली. हिंदुस्तान युनिलिव्हरने बिहार-झारखंडमध्ये ‘कान खजूरा तेसन’ काढलं. मिस्ड कॉल द्यायचा, मग पलीकडून फोन येणार आणि गाणी, विनोद फुकट. मध्येमध्ये साबण आणि क्रीमच्या जाहिराती. २०१४ मध्ये या कल्पनेला कान लायन्सची सुवर्णपदकं मिळाली. कान खजूरा म्हणजे आपली घोण. एकदा कानात शिरली की... पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सगळंच वाईट, असं माझं म्हणणं नाही हं. मिस्ड कॉल देऊन बँकेचा बॅलन्स कळतो, पीएफची शिल्लक कळते. इंडेनचा सिलिंडर १ जानेवारी २०२१ पासून मिस्ड कॉलवर बुक होतो. इथे मी काय मागते ते मला माहीत असतं आणि तेवढंच मिळतं. जुन्या कोडसारखाच व्यवहार. खाली ये म्हटलं, खाली आली.

घोटाळा होतो तो रिंगचा अर्थ फक्त पलीकडचा माणूस ठरवायला लागला की. राजकारण्यांना हे फार लवकर कळलं. २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनात लोकपालला पाठिंबा म्हणून मिस्ड कॉल मागितले गेले. नोव्हेंबर २०१४ पासून भाजपने मिस्ड कॉलवर सदस्यनोंदणी केली आणि २०१५ मध्ये जगातला सर्वांत मोठा पक्ष असल्याचा दावा केला. पण त्याच वर्षी या नव्या सदस्यांना भेटायला ‘महासंपर्क अभियान’ही काढावं लागलं. म्हणजे रिंग मोजली तरी माणूस शोधायला घरी जावंच लागतं! फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्ली जिंकल्यावर ‘आप’नेही मिस्ड कॉलचा नंबर दिला. या बाबतीत सगळ्या रंगांचे झेंडे एकाच रांगेत.

आणि जानेवारी २०२० मध्ये तर कमालच झाली. नागरिकत्व सुधारणा कायद्याला पाठिंबा देण्यासाठी भाजपने एक नंबर जाहीर केला. बघता बघता तोच नंबर सोशल मीडियावर भलत्याच वेषात फिरू लागला. कुठे ‘इथे कॉल करा, नेटफ्लिक्स फुकट’, तर कुठे ‘एकटी आहे, बोलायला फोन करा’. हे खोटं आहे, असा खुलासा खुद्द नेटफ्लिक्सला करावा लागला. आता सांगा, त्यातली कुठली रिंग कायद्यासाठी होती आणि कुठली सिनेमासाठी? यंत्राला काय, सगळ्या सारख्याच.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे ना, एक रिंगच तर आहे! मलाही हसूच येत होतं. पण मागे एकदा आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी फोन घेऊन समोर उभ्या राहिल्या. वस्तीत कुणीतरी ‘योजनेचा फॉर्म भरायचाय’ म्हणून सगळ्या बायकांच्या फोनवरून एक नंबर लावून घेतला होता. संध्याकाळी मेसेज आला, पक्षात आपलं स्वागत आहे. मावशींनी विचारलं, ‘ताई, मी आता त्यांच्यात मोजली जाणार का?’ मी मेसेज वरपासून खालपर्यंत वाचला. आत यायला एक रिंग पुरली होती. बाहेर पडायला मात्र त्यात एकही नंबर नव्हता.

त्या प्रश्नात सगळं आलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती कशी असावी ते लिहिलंय: मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामासाठी, कशासाठी ते समजून, विनाअट आणि स्पष्ट. त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरलेली आहे. पण मावशींच्या रिंगमध्ये यातलं काय होतं?

आपलं तरी काय वेगळं आहे म्हणा! कपड्यांच्या दुकानात बिल करताना काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणतो, ‘मॅम, मोबाइल नंबर?’ मागे रांग असते, आपण बोलून मोकळे. खरं तर मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सांगितलंय, बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका. मी हल्ली ‘नको’ म्हणते. मुलगा एकदा वर बघतो, एक बटण दाबतो आणि बिल येतं. इतकं सोपं आहे ते.

आता पुन्हा जरा मावशींकडे. आपल्याला अनलिमिटेड प्लॅन असतो, म्हणून मिस्ड कॉल जुना झाला असं आपल्याला वाटतं. पण २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी नुसतं इन्कमिंग चालू ठेवायलाही किमान ३५ रुपयांचं रिचार्ज लावलं, २८ दिवसांसाठी. फिरून फिरून १९९५, कॉल यायलाही पैसे मोजा! मोठ्या कंपन्यांनाही मिस्ड कॉलची किंमत बरोबर कळते. २०१९ मध्ये तर फोन किती सेकंद वाजावा यावरून एअरटेल आणि जिओ भांडले. आरोप असा, की रिंग लवकर तोडली की तो मिस्ड कॉल होतो, समोरचा उलट फोन करतो आणि मिनिटाला सहा पैशांचं गणित फिरतं. शेवटी ट्रायला ठरवून द्यावं लागलं, मोबाइल ३० सेकंद वाजू दे.

त्यामुळे आपल्या रिंगचा भाव आपणही ओळखायला हवा. नंबर लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: याचा अर्थ आम्ही दोघांनी ठरवलाय, की एकट्या त्याने?

मावशी अजून मिस्ड कॉलच देतात. एक रिंग म्हणजे आज येणार नाही, दोन म्हणजे उशीर होईल. त्यातली कुठलीही आली की मी काही मोजत बसत नाही. मुकाट्याने भांडी घासायला घेते.