खेळ सुटत का नाही?

आष्टी नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत. मी म्हणतो ती जालना जिल्ह्यातील, परतूर तालुक्यातली. अशा गावात संध्याकाळी पारावर चार मुले बसलेली दिसतात आणि माना चौघांच्याही मोबाइलवर झुकलेल्या असतात. ‘एवढा शेवटचा डाव’ म्हणता म्हणता दिवेलागण होते. मोठी माणसे म्हणतात, पोरांना शिस्त राहिली नाही. मला हे निदान पटत नाही.

हीच मुले विटीदांडू खेळतानाही तहानभूक विसरतात. विटी कोलली की ती किती लांब गेली ते लगेच दिसते, डाव गेला तरी पाळी पुन्हा येते आणि सवंगडी भोवती असतात. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: आपल्या मर्जीने काही करणे, ते जमत आहे असे वाटणे आणि इतरांशी नाते. २००६ साली रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिडिओ खेळ खेळणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा खेळातला आनंद आणि पुन्हा खेळण्याची इच्छा यांचा या तीन गोष्टींशी संबंध आढळला. यात वाईट काय आहे?

मात्र मोबाइलच्या खेळात आणखी एक गोष्ट असते, ती विटीदांडूत नाही. बक्षिसाची पेटी! ती उघडल्यावर काय निघेल ते कळत नाही. स्किनर या शास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. किती वेळा चोच मारल्यावर दाणा मिळेल याचा नेम नसला, की कबुतर न थांबता चोच मारत राही. दाणे बंद केल्यावरही त्याची सवय लवकर सुटत नसे. पेटीमागे हीच युक्ती आहे, आणि ती मुद्दाम योजलेली असते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पण पैसे न लावताही वेळ जातोच.

शिक्षकांनाही थोडे सांगतो. घटक चाचणीचा पेपर तीन आठवड्यांनी हाती येतो, तोवर आपण काय चुकलो होतो हे मुलगा विसरलेला असतो. खेळ चूक त्याच क्षणी दाखवतो आणि हसतही नाही. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला हे कसे जमणार, हे मी जाणतो. पण शेजारच्या दोघांनी वह्या बदलून गणिते तिथल्या तिथे तपासायला काय हरकत आहे? चांदण्या आणि बक्षिसे मात्र खेळातून उचलू नका.

तुम्ही एक करून पाहा. चार दिवस कागदावर तीन रकाने आखा: ‘थोडक्यात हुकलो’, ‘मित्र थांबलेत’, ‘पेटी उघडायची आहे’. आणखी एक डाव खेळावासा वाटला, की कारण पाहून त्या रकान्यात रेघ मारा. नंतर रेघा मोजा. तिसऱ्या रकान्यात जास्त निघाल्या, तर तो कागद वर्गात घेऊन या आणि स्किनरच्या कबुतराची गोष्ट मित्रांना सांगा.