‘उचलून नेऊ’ म्हणणाऱ्यांस

नवे घर बांधावयास निघालेल्या गृहस्थास, ‘घरात चालू न शकणारे माणूस आहे, तेव्हा पायऱ्यांचे काय?’ असे विचारावे, तर ठरलेले उत्तर मिळते : ‘त्यात काय? आम्ही चौघे आहोत, उचलून नेऊ!’ हे उत्तर देताना त्याच्या मुद्रेवर कर्तव्यपूर्तीचे असे काही तेज असते, की विचारणाराच ओशाळतो. आम्ही मात्र ओशाळण्यास तयार नाही. या उत्तरात माया असेल, विचार नाही. आणि घर हे विचाराने बांधावयाचे असते, चौघांच्या दंडांच्या भरवशावर नव्हे.

हे चौघे असतात तरी कोठे? एक मुंबईस, दुसरा आखातात, तिसरा सकाळी कचेरीस गेला की दिवेलागणीला परततो, आणि उरलेला चौथा स्वतःच साठी ओलांडलेला, कंबर धरून चालणारा. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील माणसांचे प्रमाण केरळाखालोखाल गोव्यात आढळले. ते शेकडा ११.२ होते. उचलणारेच म्हातारे होत चालले आहेत, हे या आकड्याने सांगितले तरी आमच्या ध्यानात येत नाही. पोलिओचा शेवटचा रुग्ण या देशात जानेवारी २०११ मध्ये सापडला, तेव्हा आता चाकांची खुर्ची ही काही मोजक्या अभाग्यांपुरती गोष्ट उरली, असाही एक समज आहे. पक्षाघात, मधुमेहाने गमावलेला पाय, रस्त्यावरील अपघात आणि साधे वार्धक्य ही या समजाची वाट पाहत बसलेली नाहीत.

उचलला जाणारा मनुष्य मुकाट्याने काय करतो, तेही पाहावे. तो सायंकाळनंतर पाणी पिणे सोडतो. रात्री उठावे लागले तर कोणाची झोप मोडावी लागेल, या धास्तीने तो तहान मारतो. ज्या घरात माणसाला तहान मारावी लागते त्या घराची वास्तुशांत कितीही थाटात झाली असली, तरी ती वास्तू शांत आहे असे आम्ही कसे म्हणावे?

आमच्या परिचयातील एका घरी सासूबाई पक्षाघातानंतर खुर्चीत बसून असतात. पस्तीस वर्षे देवपूजा त्यांच्या हातची. घर पाडून नवे बांधले ते त्यांच्या आजारानंतर, त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि देवघर शोभेसाठी तीन पायऱ्या चढवून बांधले! आता नैवेद्य झाला की सून आरतीचे तबक घेऊन दिवाणखान्यात येते, सासूबाई दोन्ही हात ज्योतीवर धरतात, आणि सर्वांना कृतार्थ वाटते. सून सुशील आहे, मुलगा मातृभक्त आहे. त्या तीन पायऱ्या मात्र कोणत्याही शास्त्राने सांगितलेल्या नव्हत्या. त्या नकाशावर पेन्सिलीने काढलेल्या होत्या आणि रबराने पुसता आल्या असत्या.

येथे उंबरठ्याचा प्रश्न निघतो. उंबरठा म्हणजे लक्ष्मीचे स्थान, तो कसा काढावा? काढू नये. उंबरठा आडवा आला तो पाणी, कचरा आणि सरपटणारे जीव आत येऊ नयेत म्हणून; पूजा त्याला मागाहून लाभली. तोच दगड वा तेच लाकूड जमिनीत बसवून वरची कड फरशीपेक्षा अर्ध्या इंचाहून अधिक उंच ठेवली नाही, आणि तीही तासून उतरती केली, तर हळदकुंकू तेथेच वाहता येते आणि चाकही विनासायास आत येते.

सोवळ्याची शंका आम्हांस अधिक खटकते. बाहेरून फिरून आलेली चाके देवघरात कशी चालतील, असे विचारणारे गृहस्थ जत्रेच्या दिवशी रथाच्या दोराला हात लावण्यासाठी गर्दीत शिरतात. रथाला चाकेच असतात. घरात एक खुर्ची व बाहेर दुसरी ठेवणे, किंवा दारात चाके पुसणे, याहून कठीण असे त्यात काही नाही. सूर्याचा सारथी अरुण हा अर्धे शरीर अपूर्ण राहिलेला. विनतेने अंडे अवेळी फोडले त्याचा तो परिणाम, ही आदिपर्वातील कथा आमच्या पुराणिकांस पाठ असते. त्याच्या हाती घोड्यांचे लगाम देताना कोणी नाक मुरडल्याचे ऐकिवात नाही. पालखीचा दाखलाही कोणी देईल : मंगेशीस दर सोमवारी देवसुद्धा खांद्यावरूनच निघतो ना! निघतो खरा, परंतु देवास रात्री पाण्याच्या तांब्यासाठी कोणास हाक मारावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष बांधकामाकडे वळू. गोव्याच्या पावसात जोते उंच हवे, हे आम्हांस मान्य आहे. जोते दोन फूट असेल तर एकास बारा या हिशेबाने २४ फूट लांबीचा उतार लागतो. शिवाय वर आणि खाली पाच-पाच फुटांची सपाट जागा, दोन्ही बाजूंस कठडा, पृष्ठभाग खरखरीत, आणि वर पागोळ्या आवरणारे छप्पर. नाहीतर श्रावणापर्यंत शेवाळ धरून तोच उतार घातक ठरेल. इतकी जागा कोठून आणावी, असे म्हणणाऱ्याच्या अंगणात आम्ही मोटारीसाठी केलेला उतार पाहिलेला आहे. मोटारीला कोणी उचलून नेत नाही, एवढे त्यांस कळते!

खरी अडचण पुढच्या दारी नसून आत आहे. न्हाणीघराच्या भिंतीत गवंडी अडीच फुटांची फट ठेवतो, सुताराची चौकट दोन्ही अंगांनी त्यातील चार-पाच इंच खाते, आणि उरलेल्या जागेतून खुर्ची जात नाही. दार उघडल्यावर मोकळी ९० सेंटीमीटर रुंदी मिळेल अशी चौकट आरंभीच बसविली तर चिरे उलट कमीच लागतात. आत खुर्ची फिरण्यासाठी दीड मीटर व्यासाचे वर्तुळ मोकळे असावे, दार बाहेर उघडावे किंवा सरकावे, बैठक खुर्चीच्या उंचीची असावी, आणि शेजारच्या भिंतीत माणसाचा सारा भार पेलील असा दांडा पक्का बसवावा. टॉवेलाची दांडी त्या कामी येत नाही. स्वयंपाकाच्या ओट्याचा एक भाग थोडा खाली आणि गुडघ्यांसाठी खालून मोकळा ठेवावा. देव्हारा बसल्या हाताला पोचावा, घंटाही. आणि तुळशीवृंदावनाभोवती खडी न पसरता चार फुटांची सपाट वाट करावी, म्हणजे प्रदक्षिणा स्वतःची स्वतःला घालता येईल. राजांगण असलेल्या जुन्या घरात हे सारे साधणार नाही. तेथे एक खोली, एक न्हाणीघर आणि देवघर एका पातळीवर आणले तरी पुष्कळ झाले.

सदनिकांची कथा निराळी. तेथे लिफ्ट असते, आणि लिफ्टपाशी पोचण्यास चार पायऱ्या असतात. यावर अधिक काय लिहावे?

कायद्याकडे बोट दाखवून कोणी निश्चिंत होऊ नये. दिव्यांगजनांच्या अधिकारांचा कायदा २०१६ मध्ये झाला. सुगम्यतेची मानके सक्तीची न ठेवता केवळ मार्गदर्शक ठेवणारा २०१७ च्या नियमावलीतील नियम सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी मूळ कायद्याशी विसंगत ठरविला. परंतु हा सारा रोख सार्वजनिक इमारती, संस्था व सेवा यांवर आहे. तुमच्या न्हाणीघराचे दार मोजण्यास कोणी न्यायाधीश येणार नाही. ते मोजणे तुमचेच.

आमच्या समाजाचे एक घर मात्र सामायिक आहे. मुंबई, कारवार, बेळगाव, बडोदे येथून कुलदेवतेस येणारी कुटुंबे ज्या अग्रशाळांत उतरतात, तेथे दर्शनापूर्वी स्नान करावयाचे असते, आणि कित्येक ठिकाणी स्नानघरास पायरी व दार अरुंद. वृद्ध आईस गाडीतच बसवून इतरांनी दर्शन उरकल्याचे आम्ही पाहिले आहे. लाद्या बदलण्यास पैसा निघतो, रंगास निघतो. तळमजल्यावरील दोन खोल्या, त्यांची दारे व न्हाणीघरे, एवढे काम पुढील जत्रेपूर्वी होण्यासारखे आहे. महाजनांच्या येत्या सभेत हा विषय कोण मांडतो, याची आम्ही वाट पाहत आहो.