पाव फेरा आणि आंधळा भरवसा

मागच्या आठवड्यात टेक्सासमधल्या मामेभावाच्या गॅरेजबद्दल लिहिलं होतं. तो .३०८ विंचेस्टर रायफलीच्या रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतो. तिकडे हा कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे, तेव्हा इथे कुणी प्रयोग करू नये.

त्या पोस्टवर दोघा-तिघांनी ऐकवलं, "भाऊ, एवढं मोजमाप कशाला? डायच्या पत्रकात लिहिलंय तसं करायचं, विषय संपला."

विषय संपत नाही मंडळी. तिथूनच सुरू होतो.

गोळी सुटते तेव्हा आतला दाब ६० हजार पौंड प्रति चौरस इंचाच्या घरात जाऊ शकतो. पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या मापाची होते. ती पुन्हा वापरायची तर डायमध्ये दाबून बारीक करावी लागते. पत्रक सांगतं, डाय शेल होल्डरला टेकेपर्यंत खाली फिरवा, वर आणखी पाव फेरा द्या, लॉक नट आवळा. झालं!

पण पत्रक लिहिणाऱ्याने तुमची रायफल पाहिलेली नसते. तुमचं चेंबर थोडं लांब असेल, तर या सेटिंगने पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला जातो. पुढच्या बाराला पुंगळीचा पुढचा भाग चेंबरला घट्ट चिकटतो आणि बूड मागे बोल्टकडे ताणलं जातं. बुडाच्या जरा वर पितळ पातळ होतं. दर वेळी आणखी पातळ.

भावाची एक पुंगळी पाचव्या भरणीला तुटली. बूड बाहेर आलं, बाकीचा तुकडा चेंबरमध्येच अडकला. गरम वायू मागे आला. डोळ्यांवर गॉगल होता म्हणून आज तो माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलतोय. पत्रक त्याने शब्दशः पाळलं होतं, हे लक्षात घ्या.

आता तो काय करतो? त्याच रायफलीतून उडालेल्या पुंगळीचं जुनं प्राइमर काढतो आणि कॅलिपरला कंपॅरेटर लावून बुडापासून खांद्यापर्यंतचं माप घेतो. डाय मुद्दाम वर ठेवतो, पुंगळीला वंगण लावून दाबतो, पुन्हा मोजतो. सुरुवातीला माप उलट वाढतं, कारण बाजू दाबल्या की खांदा पुढे सरकतो. घाबरायचं नाही. डाय थोडी थोडी खाली घ्यायची. खांदा मूळ मापापेक्षा एक-दोन थाऊ मागे गेला की थांबायचं, ही बोल्ट रायफलची गोष्ट. सेमी-ऑटोला तीन-चार थाऊ लागतात.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डायला इंचाला १४ आटे असतात. म्हणजे एका फेऱ्यात डाय ७१ थाऊ सरकते, पाव फेऱ्यात जवळपास १८. दोन थाऊ हवे असतील तर डाय जेमतेम १० अंश फिरवायची! एमआयडीसीतल्या कुठल्याही टर्नरला विचारा, १८ आणि २ मधला फरक तो सांगेल.

समोरच्यांचं एक म्हणणं मान्य. एकच काडतूस तीन-चार रायफलींत चालवायचं असेल, तर पूर्ण दाबणंच बरोबर. पत्रक त्यासाठीच आहे. ते खोटं नाही, सरसकट आहे. आणि सरसकट सूचना पाळली म्हणजे आपली जबाबदारी संपली, ही समजूत घातक आहे.

"तीस वर्षं असंच करतोय, काही झालं नाही" हा पुरावा नाही, नशीब आहे. पुंगळी आतून पातळ होते, बाहेरून चकचकीतच दिसते. टोक वाकवलेली पेपरक्लिप आत घालून भिंतीवर फिरवली की खाच हाताला लागते. एवढी तसदी कुणी घ्यायची?

हाच आपला गावरान रोग आहे. नळाला पाणी आलं की टाकीतलं क्लोरीन कुणी मोजत नाही. कागदावर "टाकलं" लिहिलं की भागतं. कागद पाळला आणि काम झालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाद घालायचाय? कॉमेंटमध्ये जरूर या. फक्त येताना आधी मोजून या.