कात्री बाजूला ठेवा

मुळगावच्या आमच्या घरी माळ्यावर एक लाकडी पेटी आहे. आठवीत असताना तिच्यातली पोर्तुगीज काळातली पत्रं मी खाली काढली, पाकिटांवरची तिकिटं कापली, कोमट पाण्यात भिजवून सोडवली आणि वहीत चिकटवली. प्रदर्शनात बक्षीसही मिळालं! टपालाचा अर्धा शिक्का तिकिटावर राहिला, अर्धा पाकिटावर. आणि पाकिटं आईने न्हाणीच्या चुलीत घातली. तिला काय दोष द्यायचा? कापणारा मीच.

तिकिटं जमवायची म्हणजे सुटी करून जमवायची, असंच आपल्याला शिकवतात. माझ्या मते तिथेच चुकतं.

पोर्तुगीज इंडियाची पहिली तिकिटं 1871 सालची. ती इथेच गोव्यात छापली गेली. मधोमध किंमत, भोवती 'सेर्विसो पोस्ताल' आणि 'इंडिया पोर्ट.' ही अक्षरं. काम ओबडधोबडच. म्हणून तर अभ्यासक आजही भिंग लावून पार्श्वभूमीच्या रेघा मोजतात, कागद तपासतात, कडेची भोकं मोजतात. 1881 मध्ये 12 रेईसांचा तांगा, 16 तांग्यांचा रुपया असा नवा हिशेब आला, तेव्हा जुन्याच तिकिटांवर नवी किंमत छापून ती चालवली. त्या छापांचा अभ्यास हा आणखी वेगळाच पसारा.

पण सगळ्यांत बोलकं असतं ते अख्खं पाकीट. सुरुवातीच्या त्या वर्षांत गोव्याबाहेर जाणाऱ्या पत्राला इथल्या तिकिटाबरोबर ब्रिटिश इंडियाचंही तिकीट लागे. दोन सरकारांची तिकिटं एकाच पाकिटावर! कापलं की उरतात दोन सुटे तुकडे. ते एकत्र प्रवासाला निघाले होते, हे मग कोण सिद्ध करणार?

अमेरिकेत 1880च्या दशकात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची चित्रं मिळत. पोरांनी ती वह्यांत खळीने डकवली. आता जमवणारे पाठीवरचे डाग बघून हळहळतात. पोरं सगळीकडची सारखीच म्हणायची.

माझी वही बघितली की मित्रांचा पहिला प्रश्न, "विकलीस तर किती येतील रे?" कुणी लिहिलं, कुणाला, कुठून, हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी मला सांगता येणार नाही.

पेटीत तळाला अजून एक गठ्ठा आहे, सुतळीने बांधलेला. वरच्या कागदावर मोडी दिसते. मला ती वाचता येत नाही. वाचणारं कुणी मंडळात असेल तर कळवा. चवथीच्या सुट्टीत गठ्ठा सोडणार आहे. वाळवी आधी पोचली नसली म्हणजे मिळवली.