दप्तरातले पत्ते

मुलाच्या दप्तरात पत्ते सापडले की घरात काय होतं, ते मैत्रिणींनो, मी सांगायला नको. ‘पत्ते कुटणं’ हा शब्दच आपण रिकामटेकड्यांसाठी राखून ठेवलाय. त्यात २०२५ च्या जुलैमध्ये विधिमंडळातल्या मोबाइलवरच्या रमीचं प्रकरण गाजलं आणि ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने बंदीचा कायदा केला. अशा वेळी पत्त्यांची बाजू घ्यायची म्हणजे धाडसच! पण गंमत बघा, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण खेळातून, खेळण्यांतून शिकवा असं सांगतं. एनसीईआरटीने २०२२ मध्ये त्यासाठी शिक्षकांना पुस्तिकाही काढून दिली. आपल्याकडे मात्र हा विचार बालवाडीच्या दारातच थांबतो. नववी-दहावीचं पोर खेळताना दिसलं की ते वाया गेलं!

मी बोलतेय ते बावन्न पत्त्यांबद्दल नव्हे. आपल्या भावांकडे कुस्तीगिरांचे ट्रम्प कार्ड असायचे, आठवतात? प्रत्येकावर उंची, वजन, छाती. ज्याचा आकडा मोठा, तो समोरच्याचं कार्ड घेणार. पाढ्यांना अडखळणारा मुलगा त्यातल्या पन्नास पहिलवानांची वजनं धडाधड सांगायचा. मग वेफर्सच्या पाकिटातून पोकेमॉन आले. २००२ मध्ये केंब्रिजच्या अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना चित्रं दाखवली, तर आठ वर्षांच्या मुलांना पोकेमॉनमधले जवळपास ८० टक्के प्राणी ओळखता आले आणि आजूबाजूचे खरे प्राणी-झाडं जेमतेम निम्मी. पुढे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून ‘फायलो’ नावाचा खऱ्या जीवसृष्टीच्या पत्त्यांचा खेळ निघाला. तो कुणालाही फुकट छापून घेता येतो. म्हणजे पाठांतराची ताकद पोरांमध्ये भरपूर आहे, आपण तिला खाद्य काय देतो हा प्रश्न आहे.

दहावीच्या विज्ञानात मूलद्रव्यांची आवर्तसारणी असते. मुलं ती घोकतात नि विसरतात. ती मांडणाऱ्या मेंडेलीव्हने १८६९ मध्ये, तोवर माहीत असलेली ६३ मूलद्रव्यं एकेका कार्डावर लिहून पत्त्यांसारखी लावून पाहिली होती, असं सांगतात. आपली पोरं तयार तक्ता पाहतात, तो लावून बघण्याची मजा त्यांना मिळतच नाही.

आता आपल्या औशाचंच घ्या. किल्लारी आपल्या तालुक्यात. भूकंपाचे पत्ते करायचे ठरवले तर पहिला पत्ता तोच, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. दुसरा कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७. तोही पहाटेचाच. दोन्हींची तीव्रता सहा-साडेसहाच्या आसपास, फार फरक नाही. आणि माणसं किती गेली? कोयनेला दोनशेच्या आत-बाहेर, आपल्याकडे आठ ते दहा हजार. दोन पत्ते शेजारी ठेवले की चौदा वर्षांचं पोर आपण न विचारता विचारतं, ‘असं का?’ मग सांगावं लागतं: कोयनेकडची डोंगराळ, विरळ वस्ती, आपली दाट गावं, मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि डोक्यावर माळवदाचं ओझं. भूगोलाच्या पुस्तकात हे वाचताना ज्याला जांभया येतात, तो आजीला जाऊन विचारतो, आपलं घर तेव्हा कसलं होतं? तिसरा पत्ता भूजचा, २६ जानेवारी २००१, तीव्रता ७.७. आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, हे गणित तिथे आपोआप निघतं.

गेलेल्या माणसांच्या आकड्यावर डाव मांडायचा, हे कुणाला खटकेल, आणि आपल्या भागात तर खटकणारच. म्हणून या डावात नियम उलटा ठेवावा. जिथे माणसं कमी दगावली, तो पत्ता जिंकला. आजी-आजोबांना विचारून, घरात कुणी गेलं असेल तर त्यांची तयारी पाहूनच हा संच काढावा. नद्या, किल्ले, राज्यं, आम्ल-आम्लारी, विषय काय कमी आहेत!

पत्ते विकत मात्र आणू नका. बाजारातल्या बंद पाकिटात कोणतं कार्ड आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. ‘दुर्मीळ’ कार्डासाठी पोरगं पाकिटामागून पाकीट मागतं. हा लॉटरीचाच धाकटा भाऊ. घरोघरी लग्नपत्रिकांचा ढीग असतोच, त्यांचे कोरे पाठ कापा. प्रत्येकाने पुस्तकात शोधून पाच पत्ते स्वतः लिहायचे. बाकीचे हवे असतील तर अदलाबदल, आणि आपला पत्ता देताना त्यावरचं सगळं समोरच्याला समजावून द्यायचं. खरं शिकणं होतं ते या लिहिण्यात आणि सांगण्यात. खेळताना फक्त उजळणी होते.

भूमितीची सिद्धता पत्त्यांवर येत नाही, निबंध तर नाहीच. बोर्डाच्या पेपरात लिहावंच लागतं, आणि ‘लातूर पॅटर्न’च्या जिल्ह्यात हे मी कुणाला सांगणार?

एक गोष्ट मात्र मनात राहते. हे सगळे खेळ आपल्याकडे मुलगेच खेळले. आठवी झाली की मुलीच्या हातातला खेळ कधी सुटतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. बाहेर पाठवायला नको म्हणून मैदान बंद, ठीक; पण हा तर घरात बसून खेळायचा खेळ. तरी ती डावात नसते, कारण संध्याकाळी ती चुलीपाशी असते आणि भाऊ पत्ते पिसत असतो. दोघांना पाच-पाच पत्ते वाटून अर्धा तास बसवायचं, तर तेवढा वेळ भाकरी कोण थापणार, हे घरात आधी ठरवून घ्यावं लागेल.