करंट सॅलरी किती?

मंडळी, जेद्दात पुन्हा माणसं घ्यायला लागले आहेत. ओभूरकडे २०१८ पासून अर्धवट उभ्या असलेल्या जेद्दा टॉवरचं काम जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. मॅनेजरच्या जागांसाठी मुंबईच्या एजंटांचे फोन येऊ लागले. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, करंट सॅलरी किती?"

हा प्रश्न साळसूद नाही. आणि तो विचारणाऱ्यांत आपणही आहोत, म्हणून हे लिहितोय.

ही 'करंट सॅलरी' आली कुठून, आठवून बघा. एप्रिल २०२० मध्ये तेल बॅरलमागे २० डॉलरच्याही खाली गेलं. करोनाने कामं बंद पडली. सरकारने खासगी कंपन्यांना पगार ४० टक्क्यांपर्यंत कमी करायची मुभा दिली, पण फक्त सहा महिन्यांसाठी आणि कर्मचाऱ्याच्या संमतीने. संमती म्हणजे एचआरने पुढे सरकवलेला कागद! त्याच वर्षी १ जुलैला व्हॅट ५ टक्क्यांवरून १५ वर गेला. कुटुंबातल्या माणसामागची फी महिना ४०० रियाल झाली. बायको आणि दोन मुलं म्हणजे १२०० रियाल. कितीजणांनी तेव्हा बिऱ्हाड पुण्याला, कोल्हापूरला पाठवलं, ते तुम्हाला माहीत आहे. मीही पाठवलं.

सहा महिने संपले. मार्च २०२२ मध्ये तेल १०० डॉलरच्या वर गेलं. माझा २०,००० चा झालेला १४,००० पगार मात्र तिथेच राहिला.

यात नुकसान केवळ महिन्याचं नाही. इथे नोकरीच्या शेवटी मिळणारी रक्कम शेवटच्या पगारावर धरतात: पहिल्या पाच वर्षांचा वर्षाला अर्धा महिना, पुढे वर्षाला एक महिना. बारा वर्षांचे साडेनऊ पगार. २०,००० ने १,९०,००० रियाल, १४,००० ने १,३३,०००. म्हणजे मंदीची कात्री तेजीत राबलेल्या वर्षांवरूनही फिरते. वर नवी कंपनी तीन महिन्यांच्या स्लिपा मागते आणि त्याच १४,००० वर पंधरा टक्के चढवून उपकार केल्यासारखं करते.

"बाजारभाव आहे," असं म्हणतात. लासलगावात एखादा व्यापारी शेतकऱ्याला म्हणाला, "मागच्या वर्षी चार रुपयांनी दिलास ना, मग यंदा साडेचार घे," तर त्याला बाजारभाव म्हणाल का? भाव आजच्या मालाचा असतो, कालच्या अडचणीचा नसतो. अडला हरी एकदा पाय धरतो, म्हणून त्याने जन्मभर धरायचे?

आता माझी गोष्ट. मागच्या वर्षी मी मुलाखत घेणाऱ्यांत बसलो होतो. समोर मराठी गृहस्थ, माणूस कामाचा, पण आठ महिने घरी. तो बाहेर गेल्यावर वरिष्ठ म्हणाले, "बसलेलाच आहे, कमीत येईल." बजेटात पैसे होते, ते मला ठाऊक होतं. मी मान हलवली. तो कमीत आला. पहिल्या पगारानंतर घरी येऊन चकल्यांचा डबा देऊन गेला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्यामुळे झालं." खरंच माझ्यामुळेच झालं होतं.

मार्च २०२१ पासून वर्षभर काम झालं, की कंपनीच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येते. दार उघडलं, पण उंबरठ्यावर हा प्रश्न बसलाय. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्सने २०१८ पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायला कायद्याने बंदी केली आहे. इथे कायद्याची वाट पाहू नका. फोन आला की सांगा, "या जागेचं बजेट किती, ते सांगा. माझी अपेक्षा इतकी." पगार कापायच्या कागदावर सही करावीच लागली, तर पूर्ववत होण्याची तारीख त्यावर लिहून घ्या.

आणि टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माझ्यासारख्यांनो, स्लिप मागू नका. वरिष्ठ "कमीत येईल" म्हणाले, की निदान मान तरी हलवू नका. पुढच्या मंदीत खुर्ची कोणत्या बाजूला असेल, कोणी सांगावं?