फीची शाळा की शिस्तीची शाळा?

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर महिना हा दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांच्या परीक्षेचा महिना असतो. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात गेलेल्या मुलासाठी पुढच्या वर्षीच्या सरकारी माध्यमिक शाळेचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत भरावा लागतो. लंडनमध्ये या अर्जावर पसंतीच्या क्रमाने सहा शाळांची नावे लिहिता येतात. कुठली शाळा मिळाली, ते १ मार्चच्या सुमारास कळते. मधल्या हिवाळ्यात खासगी शाळांच्या प्रवेशपरीक्षा आणि मुलाखती उरकलेल्या असतात. म्हणजे ज्याच्या मनात दोन्ही वाटा आहेत त्याने दोन्हीकडे एकाच वेळी पाय ठेवायचे आणि मार्चमध्ये एक पाय उचलायचा. नोकरीनिमित्त लंडनच्या वायव्य उपनगरांत वसलेल्या मराठी कुटुंबांतही या दिवसांत दुसरा विषय नसतो. पुण्या-ठाण्यातल्या आजीआजोबांनाही फोनवरून सल्ला विचारला जातो. हे पान वाचणाऱ्या अनेकांच्या घरी असा फोन आला असेल.

तिथल्या नावांचा घोळ आधी सोडवला पाहिजे. आपण ज्याला 'पब्लिक स्कूल' म्हणतो ती इंग्लंडमध्ये सर्वांत महागडी खासगी शाळा असते. जुन्या काळी ती एखाद्या गावापुरती किंवा पंथापुरती राखीव नव्हती, फी भरणाऱ्या कोणालाही खुली होती, म्हणून 'पब्लिक'. १८६८ मध्ये संसदेने ईटन, हॅरो, रग्बी आदी सात शाळांसाठी याच नावाचा कायदा केला. सामान्य माणसाची विनाशुल्क शाळा ती 'स्टेट स्कूल'. व्हिसावर आलेल्या परदेशी कुटुंबाच्या मुलांनाही ती मोफत मिळते. इंग्लंडमधली शंभरातली त्र्याण्णवच्या आसपास मुले याच शाळांत शिकतात.

परंतु 'सरकारी शाळा' म्हटले की मराठी मध्यमवर्गीयाच्या डोळ्यांसमोर गळके छप्पर आणि जनगणनेच्या कामावर गेलेले गुरुजी उभे राहतात. इंग्लंडला जाताना हे चित्रही सामानात जाते, आणि फी जितकी जास्त तितके शिक्षण चांगले, हा हिशेबही. गेल्या काही वर्षांत या हिशेबाला दोन बाजूंनी धक्का बसला आहे.

वीस टक्क्यांचा धक्का

पहिला धक्का सरकारने दिला. १ जानेवारी २०२५ पासून मजूर पक्षाच्या सरकारने खासगी शाळांच्या फीवर वीस टक्के मूल्यवर्धित कर लावला. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून इंग्लंडमधल्या धर्मादाय खासगी शाळांना स्थानिक करात मिळणारी सवलतही काढून घेतली. या पैशातून सरकारी शाळांसाठी साडेसहा हजार नवे शिक्षक नेमू, असे सरकारचे म्हणणे. काही पालक आणि शाळा न्यायालयात गेल्या, पण जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले.

या कराचा घरगुती अर्थ पाहा. कर लागण्यापूर्वी दिवसाच्या खासगी शाळेची सरासरी फी वर्षाला १८ हजार पौंडांच्या आसपास होती. दोन मुले म्हणजे ३६ हजार. त्यावर पूर्ण कर चढला तर ४३ हजारांच्या वर. लंडनमध्ये एक लाख पौंड पगार हा मोठा पगार समजला जातो, पण आयकर आणि राष्ट्रीय विमा कापून हातात ६८ हजारांच्या आसपास पडतात. त्यातून ४३ हजार गेले, तर उरलेल्या २५ हजारांत लंडनचे घरभाडेही धड भागत नाही. हा खर्च एका वर्षाचा नाही, अकरा ते अठरा अशा सात वर्षांचा आहे. दोघांनी कमावल्याशिवाय किंवा इकडची जमीन-फ्लॅट विकल्याशिवाय तो झेपत नाही, आणि काही घरांत ती विक्री होतेही.

या फीतून काय मिळते? वर्ग लहान असतात, मैदाने असतात, संगीत, नाटक, वादविवाद, आणि पुढे आयुष्यभर उपयोगी पडणाऱ्या ओळखी. लंडनच्या 'इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज' या संस्थेच्या हिशेबानुसार २०२२-२३ मध्ये खासगी शाळेची सरासरी फी ही सरकारी शाळेत एका मुलावर होणाऱ्या खर्चापेक्षा नव्वद टक्क्यांनी जास्त होती. २०१० च्या सुमारास हे अंतर चाळीस टक्के होते. 'सटन ट्रस्ट'च्या २०१९ च्या पाहणीत ज्येष्ठ न्यायाधीशांपैकी ६५ टक्के खासगी शाळांत शिकलेले निघाले. सात टक्क्यांच्या शाळांतून ६५ टक्के न्यायासने. खासगी शाळेचा मोह हा केवळ बडेजावाचा मोह नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

वेम्ब्लीची शाळा

दुसरा धक्का मात्र सरकारी शाळांकडूनच आला. वेम्ब्ली पार्क स्टेशनसमोर एका जुन्या कचेरीच्या इमारतीत सप्टेंबर २०१४ मध्ये 'मायकेला कम्युनिटी स्कूल' सुरू झाली. जवाहरलाल नेहरू १९०५ मध्ये ज्या हॅरो शाळेत दाखल झाले, ती इथून काही मैलांवर टेकडीवर आहे. तिथे आज वर्षाची फी ५० हजार पौंडांच्या वर आहे. मायकेलात फी नाही. मोठे मैदान नाही, प्रवेशपरीक्षाही नाही.

मुख्याध्यापिका कॅथरिन बीरबलसिंग यांचे आडनाव ओळखीचे वाटेल. त्यांचे वडील गयानातले भारतीय वंशाचे आणि आई जमैकाची. २०१० मध्ये हुजूर पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी सरकारी शाळांतल्या बेशिस्तीवर कडाडून टीका केली. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने सरकारी पैशावर, पण स्थानिक पालिकेच्या नियंत्रणाबाहेर चालणाऱ्या 'फ्री स्कूल्स'ना वाट मिळाली, आणि बाईंनी शाळा काढली.

या शाळेत एका तासावरून दुसऱ्या तासाला जाताना मुलांनी बोलायचे नाही. मोबाइल दिसता कामा नये. पेन विसरले, वर्गात मागे वळून पाहिले, गृहपाठ अर्धवट राहिला, की नोंद होते आणि शाळा सुटल्यावर थांबावे लागते. नव्या मुलांचे पहिले काही दिवस केवळ या सवयी लावण्यात जातात. दुपारचे जेवण सर्वांना सारखे आणि शाकाहारी, म्हणजे कुठल्याही धर्माचे मूल कुठल्याही टेबलाशी बसू शकते. मुलेच वाढतात, मुलेच आवरतात, आणि त्या दिवशी दिलेल्या विषयावर शिक्षकाशी किंवा पाहुण्याशी बोलतात. शेवटी उभे राहून कोणाचे तरी जाहीर आभार मानायचे. शिक्षकांवर घरी वह्यांचे गठ्ठे नेऊन तपासण्याची सक्ती नाही. शिक्षेची व्यवस्था शाळा एकत्रितपणे पाहते. शिक्षकाने नीट तयारी करून शिकवायचे, एवढेच त्याचे काम.

आता निकाल. अकराव्या वर्षी मूल जिथे होते, तिथून सोळाव्या वर्षापर्यंत ते तशाच इतर मुलांच्या तुलनेत किती पुढे गेले, हे मोजणारे 'प्रोग्रेस एट' नावाचे सरकारी माप आहे. शून्य म्हणजे सरासरी. २०२३ मध्ये मायकेलाचा आकडा २.३७ होता. म्हणजे इथले मूल प्रत्येक विषयात सरासरी दोन श्रेणींहून जास्त पुढे. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी हा देशातला सर्वोच्च आकडा होता.

हे एकट्या वेम्ब्लीत घडले असेही नाही. हॅक्नी डाउन्स ही पूर्व लंडनमधली शाळा इतकी ढासळली होती, की १९९५ मध्ये सरकारने ती बंद केली. त्याच जागेवर २००४ मध्ये मायकेल विल्शॉ यांच्या नेतृत्वाखाली 'मॉसबोर्न' अकादमी उभी राहिली, तीही करड्या शिस्तीची. वस्ती तीच आणि गरिबीही तीच राहिली, पण शाळेचे नाव देशभर झाले. विल्शॉ पुढे इंग्लंडचे मुख्य शाळा तपासनीस झाले.

शांतता कोणासाठी?

तरीही या शाळांविरुद्धचे आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. मायकेलातली सुमारे निम्मी मुले मुस्लिम आहेत. मार्च २०२३ मध्ये काही मुले मधल्या सुट्टीत अंगणात नमाज पढू लागली. त्यातून शाळेत तणाव आणि बाहेरून धमक्या सुरू झाल्या, तेव्हा शाळेने सामूहिक प्रार्थनेस मनाई केली. एका विद्यार्थिनीने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. १६ एप्रिल २०२४ रोजी न्यायमूर्ती लिंडन यांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. शाळेचे नियम ठाऊक असतानाच तिने प्रवेश घेतला होता, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. हा मुद्दा प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा. कडक शाळेत मूल घालणे म्हणजे तिच्या नियमांवर आगाऊ सही करणे. 'आमच्या मुलापुरते जरा सोडा' ही आपल्याकडची विनंती तिथे चालत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. हॅरोच्या टेकडीवर श्रीमंतांच्या मुलांना वाद घालायला शिकवतात आणि खाली वेम्ब्लीत गरिबांच्या मुलांना ओठ मिटून रांगेत चालायला. मग हुकूम कोण सोडणार आणि पाळणार कोण, हे अकराव्या वर्षीच ठरत नाही काय? या प्रश्नात तथ्य आहे. पण त्याला उत्तरही आहे. दोन मुलांनी तीस जणांच्या वर्गात रोज दहा मिनिटे गोंधळ घातला, तर ती दहा मिनिटे कोणाची बुडतात? ज्याला घरी शिकवणी आहे त्याची नव्हेत. ज्याची आई रात्रपाळीला जाते आणि घरात अभ्यासाला टेबल नाही, त्याची बुडतात. लहान वर्गासाठी पैसे मोजून जी शांतता विकत मिळते, तीच ही शाळा नियमांच्या जोरावर फुकट देते. आणि ही छडीची शिस्त नव्हे. छडी तिथल्या सरकारी शाळांतून १९८७ मध्येच गेली. गंमत अशी, की इंग्लंडच्या खासगी शाळांत ती कायद्याने १९९९ पर्यंत शिल्लक होती.

तिसरा आक्षेप आकड्यांबद्दलचा. जी शाळा आपले नियम एवढे गाजवून सांगते, तिच्याकडे ते नियम पसंत असलेलेच पालक येतात. चंचल मुलाची, एका जागी बसणे ज्याला शरीरानेच जमत नाही अशा मुलाची आई त्या दारातून आपणहून परत फिरते. म्हणून २.३७ हा आकडा केवळ शाळेचा नाही, ती निवडणाऱ्या घरांचाही आहे. आपले मूल त्यांतले आहे का, हे आकडा सांगत नाही.

निवड करताना

मग निवड कशी करावी? माझ्या मते फी आणि निकाल हे दोन आकडे काही वेळ बाजूला ठेवून शाळेला चार प्रश्न विचारावेत. अकराव्या वर्षी आलेल्या मुलांपैकी किती जण सोळाव्या वर्षापर्यंत टिकतात? शिक्षक किती वर्षे राहतात? ज्या मुलाला विशेष मदत लागते, त्याच्यासाठी नियम कोण आणि कसा वाकवतो? आणि शेवटच्या दोन वर्षांत शिस्तीचा दोर सैल होतो का? चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घंटेच्या तालावर चालणारे मूल अठराव्या वर्षी विद्यापीठात जाते तेव्हा घंटा वाजत नाही. चांगली कडक शाळा त्या दिवसाची तयारी आधीपासून करून घेते. वाईट कडक शाळेला निकालापलीकडचे काही दिसत नाही. हेच प्रश्न खासगी शाळेलाही लागू आहेत, कारण फी घेणाऱ्या सगळ्याच शाळा हॅरो नसतात. पैसे मोजूनही कंटाळवाणे शिक्षण देणाऱ्या शाळा तिथेही आहेत.

शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर अर्धा तास उभे राहावे. बाहेर पडणारी मुले थकलेली दिसतात की भेदरलेली, हे माहितीपत्रकात छापलेले नसते.

ज्यांना फी सहज परवडते त्यांचा प्रश्न वेगळा. पण ज्या घरात ती ओढाताण करून, कर्ज काढून, इकडचा फ्लॅट विकून भरावी लागणार आहे, तिथे जवळची शिस्तीची सरकारी शाळा, मुलाचा पिंड तिला मानवणारा असेल तर, आधी निवडावी, असे माझे मत आहे. दोन्ही पालक फीसाठी रात्री नऊपर्यंत कचेरीत राहणार असतील, तर लहान वर्गाचा फायदा घरातल्या रिकाम्या संध्याकाळीच संपून जातो. वाचलेल्या पैशातून व्हायोलिन शिकवता येईल, प्रवास घडवता येईल. मुख्य म्हणजे रात्री जेवताना आईवडील समोर असतील. जे मूल दिवसभर नियमांत वावरते, त्याला घरी वाद घालायची मोकळीक हवी. हॅरोत जे शिकवतात त्यातला बराचसा भाग जेवणाच्या टेबलावर शिकवता येतो, मात्र आईबापांनी मुलाचा विरोध ऐकून घ्यायला हवा. मराठी घरांत हे शाळा निवडण्याइतकेच अवघड आहे.

आणि हेही विसरू नये, की सहा नावांचा अर्ज विचारपूर्वक भरणारे आपण मुळात सुदैवी गटातलेच आहोत. ज्याला इंग्रजी अर्ज वाचता येत नाही, शाळा पाहायला कामावरून सुट्टी मिळत नाही, त्याच्या मुलाला उरलेली शाळा मिळते. तिथे ना हॅरोची मैदाने, ना मायकेलाची शांतता. त्या शाळेत शिकवायला कोण येते, यावर साडेसहा हजार शिक्षकांच्या आश्वासनाची परीक्षा व्हायची आहे.